इंग्लंडमधील ग्रामर शाळा : चांगल्या निकालांचे श्रेय शाळेचे की प्रवेशपरीक्षेचे?

रेडिंगवासी

दरवर्षी ऑगस्टमध्ये जीसीएसईचे, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेचे, निकाल लागले की इथल्या मराठी घरांत ग्रामर शाळांची, म्हणजे प्रवेशपरीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या सरकारी शाळांची, चर्चा सुरू होते. कोणत्या शाळेत किती मुलांना आठ आणि नऊ या सर्वांत वरच्या श्रेणी मिळाल्या, कुठून किती जण ऑक्सफर्ड-केंब्रिजला गेले, हे आकडे एकमेकांना पाठवले जातात आणि त्यांवरून शाळा किती उत्तम शिकवते याचा निष्कर्ष काढला जातो. तो निष्कर्ष मला पटत नाही, आणि त्यावर शांतपणे, आधार देऊन बोलणे व्हावे म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे असे की या शाळांचे निकाल उज्ज्वल असण्याचे सर्वांत मोठे कारण त्यांच्या वर्गांत नसून त्यांच्या प्रवेशपरीक्षेत आहे. जे पालक हे लक्षात न घेता आठ-नऊ वर्षांच्या मुलांना दीर्घकाळ तयारीला जुंपतात, त्यांना हव्या असलेल्या लाभातला बराचसा भाग मुलाला जवळच्या एखाद्या बऱ्या शाळेतही मिळाला असता.

नव्याने आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी 'इलेव्हन प्लस' ही परीक्षा घेऊन मुलांची विभागणी होऊ लागली. उत्तीर्ण होणारी मुले ग्रामर शाळेत जात आणि उरलेली बहुतेक सगळी सेकंडरी मॉडर्न शाळेत. तांत्रिक शाळांचा तिसरा प्रकारही योजनेत होता, पण त्या फार थोड्या निघाल्या. १९६५ साली अँथनी क्रॉसलंड शिक्षणमंत्री असताना '१०/६५' या क्रमांकाचे परिपत्रक निघाले आणि निवड न करणाऱ्या कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळांकडे वळण्याची विनंती स्थानिक प्रशासनांना करण्यात आली. १९७० साली मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री झाल्या, तरी त्यांच्या काळातही शेकडो शाळांचे रूपांतर मंजूर होत गेले. एकेकाळी बाराशेहून अधिक असलेल्या या शाळांपैकी आज १६३ उरल्या आहेत आणि माध्यमिक शाळांतील साधारण पाच टक्के मुले त्यांत शिकतात. १९९८ च्या कायद्याने नवी ग्रामर शाळा काढण्यास मनाई केली आणि असलेली शाळा ठेवावी की नाही हे पालकांच्या मतदानाने ठरवण्याची सोय ठेवली. असे मतदान एकदाच, २००० साली यॉर्कशायरमधील रिपन येथे झाले आणि पालकांनी शाळा ठेवण्याचा कौल दिला. २०१६ साली टेरेसा मे यांनी ही मनाई उठवण्याचा प्रस्ताव मांडला होता, परंतु पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत बहुमत गेल्यावर तो सोडून द्यावा लागला.

या शाळा देशभर सारख्या विखुरलेल्या नाहीत, आणि प्रवेशाची चर्चा करताना नेमका हाच भेद विसरला जातो. केंट, बकिंगहॅमशायर, लिंकनशायरचा बराचसा भाग, ट्रॅफर्ड, स्लाव या ठिकाणी निवड हीच स्थानिक व्यवस्था आहे. बकिंगहॅमशायरमध्ये १३ ग्रामर शाळा आहेत, आणि तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांची नावे पालकांनी नकार कळवला नाही तर आपोआप परीक्षेसाठी नोंदवली जातात. तिथे १२१ गुण हा पात्रतेचा उंबरठा आहे. याउलट रेडिंग, बार्नेट, किंग्स्टन येथे बाकीच्या शाळा कॉम्प्रिहेन्सिव्ह आहेत आणि त्यांच्यामध्ये एखाद-दोन अत्यंत चुरशीच्या ग्रामर शाळा आहेत. बार्नेटच्या क्वीन एलिझाबेथ्स स्कूलमध्ये दोनशेहून कमी जागांसाठी काही हजार मुले परीक्षेला बसतात. तिथे पात्रतेच्या गुणांना अर्थ नाही, फक्त गुणानुक्रम चालतो. ही शाळा १५७३ साली स्थापन झाली, १९७१ मध्ये कॉम्प्रिहेन्सिव्ह झाली आणि १९९४ मध्ये पुन्हा निवडीकडे वळली. आज तिचे नाव देशातील सर्वोत्तम निकालांच्या यादीत अगदी वर असते.

आता मुख्य मुद्दा. हजारो मुलांतून इंग्रजी आणि गणितात सर्वांत पुढे असलेली दोनशे मुले निवडली, तर पाच वर्षांनी त्यांचे इंग्रजी आणि गणिताचे निकाल चांगले लागणे अपेक्षितच आहे. शाळेने त्यात किती भर घातली, हे त्या निकालावरून कळत नाही. डरॅम विद्यापीठातील स्टीफन गोरार्ड आणि नादिया सिद्दिकी यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांचे आधीचे गुण, घरची गरिबी किती वर्षे टिकलेली आहे, मुलाचे महिन्यांतले वय अशा गोष्टी हिशेबात धरल्या, तेव्हा ग्रामर शाळा इतर शाळांपेक्षा अधिक परिणामकारक असल्याचे दिसले नाही. एज्युकेशन पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या २०१६ च्या अहवालात ग्रामर शाळेतील मुलांना दर विषयात सरासरी एक तृतीयांश श्रेणी इतका लाभ दिसला होता, परंतु संपूर्ण व्यवस्थेचा एकत्रित परिणाम पाहता तो ना चांगला ना वाईट असा निघाला. हे अभ्यास तंतोतंत एकच सांगत नाहीत, हे मी मान्य करतो. पण निकालांच्या तक्त्यात जे डोंगराएवढे अंतर दिसते, ते मुलांच्या निवडीचा हिशेब मांडताच फार थोडे उरते, यावर दोन्ही अभ्यासांचे एकमत आहे.

बार्नेटचा पालक

आपण अभ्यासपूर्वक लिहिले आहे, तरीही माझा अनुभव काही बाबतीत वेगळा आहे. माझा मुलगा अशाच एका चुरशीच्या शाळेत शिकतो. आपण ज्या लाभाला एक तृतीयांश श्रेणी म्हणता तो गुणपत्रिकेत मावणारा लाभ आहे, आणि मला महत्त्वाचा वाटणारा लाभ तिथे दिसत नाही. प्राथमिक शाळेत गणिताची आवड असणारा तो एकटाच होता आणि ती आवड तो लपवायला शिकला होता. आता त्याच्या वर्गात बुद्धिबळ, खगोलशास्त्र आणि लॅटिन यांवर जेवणाच्या सुट्टीत वाद घालणारी मुले आहेत. ए-लेव्हलला, म्हणजे अठराव्या वर्षीच्या परीक्षेला, फर्दर मॅथ्सचे (वरच्या पातळीच्या गणिताचे) स्वतंत्र वर्ग भरवण्याइतके विद्यार्थी त्या शाळेत दरवर्षी असतात, आणि अनेक साध्या शाळांना तेवढे विद्यार्थी न मिळाल्यामुळे तो विषय ठेवता येत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. इथल्या खाजगी शाळांचे शुल्क नोकरदार कुटुंबाला पूर्वीही परवडत नव्हते, आणि १ जानेवारी २०२५ पासून त्यावर २० टक्के मूल्यवर्धित कर लागू झाल्यावर तर तो विचारच संपला. परदेशातून आलेल्या, इथे ओळखीपाळखी नसलेल्या कुटुंबासाठी विनाशुल्क मिळणारी ही शाळा फार मोठा आधार आहे. भारतीय आणि चिनी वंशाच्या मुलांचे प्रमाण या शाळांत लोकसंख्येतील त्यांच्या प्रमाणापेक्षा बरेच जास्त आहे, ते काही उगीच नाही. मुले मेहनत करतात आणि त्या मेहनतीचे चीज होते. त्या मेहनतीला 'जुंपणे' म्हणावे असे मला वाटत नाही.

संख्यामित्र

निकालांच्या तक्त्याबद्दल काही तांत्रिक पण महत्त्वाच्या गोष्टी सांगतो, कारण बहुतेक पालक त्यातला चुकीचा स्तंभ वाचतात.

तक्त्यात 'ॲटेनमेंट ८' आणि 'प्रोग्रेस ८' असे दोन आकडे असतात. पहिल्यात मुलाच्या आठ विषयांच्या श्रेणींची बेरीज असते. गणित दुप्पट मोजले जाते, आणि भाषा व साहित्य दोन्ही दिले असतील तर इंग्रजीही, म्हणून कमाल बेरीज ९० होते. हा आकडा मुले कोण आहेत ते सांगतो. दुसरा आकडा २०१६ पासून आला. प्राथमिक शाळेच्या शेवटी तेवढेच गुण मिळवणाऱ्या देशभरातील मुलांच्या तुलनेत या शाळेतल्या मुलांनी किती प्रगती केली, हे तो सांगतो. शाळेचे काम मोजायचे तर दुसरा आकडा पाहायला हवा, आणि ग्रामर शाळांचा तो आकडाही बहुधा चांगला असतो, असे बार्नेटचे पालक म्हणू शकतील.

तो चांगला असतो हे खरे आहे, पण त्यातही निवड दडलेली आहे. प्राथमिक शाळेच्या शेवटी दोन मुलांना अगदी सारखे गुण मिळाले आणि त्यांतले एकच इलेव्हन प्लस उत्तीर्ण झाले, तर ती दोन मुले खरोखर सारखी नाहीत. जे उत्तीर्ण झाले त्याच्याकडे त्या गुणांत न मोजलेले काहीतरी जास्त आहे. ते त्याची तर्कशक्ती असेल, शब्दसंग्रह असेल, किंवा रोज संध्याकाळी शेजारी बसून अभ्यास घेणारे पालक असतील. पुढच्या पाच वर्षांत हे सगळे त्याच्यासोबतच राहते आणि त्याचा परिणाम शाळेच्या प्रगतीच्या आकड्यात जमा होतो. मोफत शालेय जेवणाला पात्र असणाऱ्या, म्हणजे गरीब घरांतल्या, मुलांचे प्रमाणही इथेच पाहावे. २०१६ च्या त्याच अहवालानुसार ग्रामर शाळांत हे प्रमाण अडीच टक्के होते आणि सर्व सरकारी शाळांत तेरा टक्क्यांच्या वर. प्रोग्रेस ८ काढताना घरची परिस्थिती मोजली जात नाही, म्हणून ज्या शाळेत गरीब मुले जवळजवळ नाहीतच, तिचा आकडा तिच्या कामापेक्षा उजळ दिसतो.

शिवाय २०२५ आणि २०२६ या दोन वर्षांसाठी प्रोग्रेस ८ काढताच येत नाही, कारण करोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षा झाल्या नाहीत आणि तुलनेचा पायाच उपलब्ध नाही. त्यामुळे या काळात कोणी नुसत्या निकालांची क्रमवारी पाठवली, तर ती मुख्यतः मुलांच्या प्रवेशावेळच्या पातळीची क्रमवारी आहे असे समजून वाचावी.

केंटची शिक्षिका

मी केंटमध्ये निवड न करणाऱ्या माध्यमिक शाळेत शिकवते. इथली बाजू या चर्चांमध्ये क्वचितच येते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

केंटमध्ये ३२ ग्रामर शाळा आहेत आणि ढोबळमानाने दर चार मुलांपैकी एक मूल तिथे जाते. उरलेली तीन मुले कुठे जातात, हा प्रश्न मला पालकांच्या एकाही गटात विचारलेला दिसत नाही. ती आमच्याकडे येतात. केंट टेस्टचा, म्हणजे इथल्या इलेव्हन प्लसचा, निकाल ऑक्टोबरच्या मध्याला येतो, त्या वेळी मुले दहा वर्षांची असतात, आणि पुढच्या सप्टेंबरमध्ये ती आमच्या वर्गात बसतात तेव्हा त्यांतल्या कितीतरी जणांनी स्वतःबद्दलचे मत बनवून टाकलेले असते. 'मी हुशार नाही' हे वाक्य मी अकरा वर्षांच्या मुलांच्या तोंडून इतक्या शांतपणे ऐकले आहे की त्याचा राग कोणावर काढावा ते समजत नाही. वर्गातल्या पहिल्या सत्राचा बराचसा वेळ हे मत खोडून काढण्यात जातो, आणि त्या कामाची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

ही परीक्षा दहा वर्षांच्या मुलांना अचूक ओळखते, या विश्वासावर हे सगळे उभे आहे. अगदी १९५७ साली, म्हणजे ही पद्धत ऐन भरात असताना, नॅशनल फाउंडेशन फॉर एज्युकेशनल रिसर्चच्या अभ्यासात असे आढळले होते की उपलब्ध चाचण्यांपैकी उत्तम चाचण्या वापरूनही दहा टक्क्यांच्या आसपास मुले चुकीच्या प्रकारच्या शाळेत पाठवली जात होती. उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना अगदी जवळजवळ सारखी मुले असतात. त्यांच्यातला फरक एखाद्या प्रश्नाचा असतो, आणि एवढ्याशा फरकावर त्यांना दोन वेगळ्या इमारतींत बसवले जाते.

बार्नेटचे पालक म्हणतात ते मला समजते. हुशार मुलाला बरोबरीचे सोबती मिळणे ही मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही. परंतु सोबत्यांचा परिणाम खरा असेल, तर तो दोन्ही बाजूंनी खरा असला पाहिजे. पुढे असलेली सगळी मुले एका शाळेत गोळा केली, की दुसऱ्या शाळेत तशी मुले उरत नाहीत. आमच्या शाळेत एखाद्या मुलीला भौतिकशास्त्राची ओढ असेल, तर तिला ती ओढ वाटून घ्यायला वर्गात कोणी नसते. ज्या भागांत ग्रामर शाळांची दाटी सर्वांत जास्त आहे, तिथे प्रवेश न मिळालेल्या मुलांचे निकाल अपेक्षेपेक्षा थोडे खाली राहतात, असे रेडिंगवासी यांनी उल्लेखलेल्या २०१६ च्या अहवालातही नोंदवले आहे.

पुण्याहून येणारी

आम्ही येत्या जुलैमध्ये नोकरीच्या बदलीमुळे इंग्लंडला येत आहोत. कार्यालय स्लाव येथे आहे आणि राहायचे स्लावला की रेडिंगला हे अजून ठरलेले नाही. मुलगी सप्टेंबरमध्ये इयर फाइव्हमध्ये जाईल. तिचे गणित चांगले आहे आणि इंग्रजी माध्यमात शिकते, पण तिचे वाचन बहुतेक मराठी आहे. इलेव्हन प्लस ही आपल्याकडच्या शिष्यवृत्ती परीक्षेसारखी असते का? तिला या परीक्षेला बसवावे का, आणि बसवायचे असेल तर वेळ पुरेसा आहे का? वरचे प्रतिसाद वाचून मी जरा गोंधळले आहे.

रेडिंगवासी

स्वागत आहे. आधी प्रक्रिया सांगतो, मत नंतर देतो.

परीक्षा इयर सिक्सच्या, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या, अगदी सुरुवातीला, सप्टेंबरमध्ये होते, म्हणजे तुमच्या हातात साधारण एक वर्ष असेल. तिची नोंदणी मात्र त्याआधीच्या उन्हाळ्यात, साधारण मे ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत करावी लागते, आणि ही मुदत चुकल्यामुळे नव्याने आलेल्या बऱ्याच कुटुंबांची संधी गेलेली मी पाहिली आहे. निकाल ऑक्टोबरमध्ये येतो. माध्यमिक शाळेचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत आपण राहतो तिथल्या कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे, करायचा असतो आणि १ मार्चला शाळा कळते. परीक्षा उत्तीर्ण होणे आणि शाळेत जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षा दिली म्हणजे अर्ज झाला, असा समज कृपया करून घेऊ नका. अर्जात त्या शाळेचे नाव लिहावेच लागते.

पसंतीक्रमाबद्दल फार गैरसमज आहेत. तुम्ही शाळेला कितवी पसंती दिली आहे, हे शाळेला कळत नाही. प्रत्येक शाळा आपल्या निकषांनुसार मुलांची यादी लावते आणि जिथे जिथे तुमच्या मुलीचा नंबर लागतो, त्यांपैकी तुमच्या क्रमात सर्वांत वर असलेली शाळा तुम्हाला मिळते. म्हणून क्रम मनापासून हवा तसाच लिहावा, आणि शेवटच्या जागी खात्रीने मिळेल अशी जवळची शाळा जरूर ठेवावी.

स्लावमध्ये चार ग्रामर शाळा आहेत : हर्शेल, लँग्ली, अप्टन कोर्ट आणि सेंट बर्नार्ड्स कॅथॉलिक. चारही शाळांची परीक्षा एकच असते आणि पात्रतेसाठी १११ गुण लागतात. त्यापुढे जागा कोणाला द्यायची, याचे निकष मात्र प्रत्येक शाळेचे वेगळे आहेत. रेडिंगमध्ये मुलींसाठी केंड्रिक ही एकच ग्रामर शाळा आहे, १८७७ साली स्थापन झालेली. ती ठरावीक क्षेत्रात राहणाऱ्या मुलींना प्राधान्य देते, पण त्या क्षेत्रातूनही मोठी चुरस असते. १९८९ च्या ग्रेनिच निवाड्यामुळे एखादी शाळा केवळ कौन्सिलच्या हद्दीबाहेरची मुले म्हणून कोणाला मागे सारू शकत नाही, परंतु आपले प्रवेशक्षेत्र ती आखू शकते. घर भाड्याने घेण्यापूर्वी त्या वर्षीची प्रवेश नियमावली शाळेच्या संकेतस्थळावर वाचा, विशेषतः पत्त्याचा पुरावा कोणत्या तारखेचा लागतो ते. घरदलालाच्या सांगण्यावर विसंबू नका.

शिष्यवृत्ती परीक्षेशी थोडे साम्य आहे. आपल्याकडे बुद्धिमत्ता चाचणी या विषयात जे प्रश्न येतात, अक्षरमाला, आकृत्यांचे क्रम, गटात न बसणारा शब्द, त्यांच्या जवळचे प्रश्न इथे शाब्दिक आणि अशाब्दिक तर्क या भागांत असतात. गणितात तिला फारशी अडचण येणार नाही. इंग्रजी शब्दसंग्रह ही मात्र खरी कसोटी आहे, कारण प्रश्नपत्रिकेतले शब्द शाळेत शिकवलेले नसतात, घरी वाचलेले असतात. तिचे मराठी वाचन अजिबात बंद करू नका. त्याच्या जोडीला रोज इंग्रजी गोष्टींची पुस्तके हाती द्या. वयाचा विचार गुणांत केलेला असतो. शालेय वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असे धरतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलाला सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाच्या तुलनेत वयानुसार समायोजन मिळते.

आता मत. तिला परीक्षेला बसवा, पण वर्षभर घरी बेताचा सराव करून. देश बदलणे, नवी शाळा, नवे उच्चार, नव्या मैत्रिणी, एवढे सगळे त्या वर्षात तिच्यासमोर असणार आहे. त्यावर आठवड्यातून तीन शिकवण्या लादल्या तर परीक्षेपेक्षा मोठे काही हातातून जाईल. शिकवणीचा उपयोग होत नाही असे मी म्हणत नाही, उपयोग होतो, आणि म्हणूनच ही परीक्षा निव्वळ बुद्धीची राहत नाही. डरॅम विद्यापीठातील सीईएम या केंद्राने शिकवणीचा परिणाम कमी व्हावा अशा उद्देशाने वेगळी परीक्षा काढली होती आणि अनेक भागांनी ती स्वीकारलीही. पण शिकवणी वर्ग त्या परीक्षेचेही झाले. २०१८ च्या सुमारास बकिंगहॅमशायर पुन्हा जीएल असेसमेंट या दुसऱ्या संस्थेच्या परीक्षेकडे गेले, आणि पुढे सीईएमने कागदावरची परीक्षा बंद केल्यावर इतरही बरेच गेले.

बर्मिंगहॅमकर

पुण्याहून येणाऱ्या ताईंना मुलगी आहे, म्हणून मुलींच्या बाबतीतला एक इतिहास नोंदवतो. आमच्या शहरात अनेक दशके मुलांसाठी ग्रामर शाळांच्या जागा जास्त होत्या आणि मुलींसाठी कमी. मुलांना ५४० जागा आणि मुलींना ३६०, अशी स्थिती असताना समान संधी आयोगाने कौन्सिलवर दावा केला आणि १९८९ साली तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या लॉर्ड्स सभागृहाने हा लिंगभेद असल्याचा निर्णय दिला. म्हणजे सारखे गुण मिळवूनही मुलीला प्रवेश नाकारला जात होता, आणि त्याला गुणवत्ता म्हटले जात होते.

अलीकडचा बदल मात्र चांगला आहे. किंग एडवर्ड सहावे या न्यासाच्या इथल्या ग्रामर शाळांनी २०२० च्या प्रवेशापासून ठरावीक गुण मिळवणाऱ्या स्थानिक मुलांना प्राधान्य दिले आणि प्यूपिल प्रीमियमला पात्र असणाऱ्या, म्हणजे गरीब घरांतल्या, मुलांसाठी जागांचा मोठा वाटा ठेवला. लांबून दीड तासाचा प्रवास करून येणाऱ्या मुलांचे पालक त्यावर नाराज झाले. मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण शाळेच्या शेजारच्या रस्त्यावर राहणाऱ्या मुलांना शाळेच्या फाटकाबाहेरून जाताना आत कोणी ओळखीचे नसावे, हे बरे नव्हे.

बार्नेटचा पालक

केंटच्या ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. सोबत्यांचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो, या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. केंटसारख्या ठिकाणी, जिथे सगळ्या जिल्ह्याची विभागणी होते, तिथली हानी मला मान्य आहे. आमच्या भागात मात्र दोनशे मुले अनेक कौन्सिलांमधून येतात, त्यामुळे कोणत्याही एका कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळेतून फार तर दोन-चार मुले कमी होतात. या दोन परिस्थिती एकाच तागडीत घालू नयेत, एवढे मला अजूनही वाटते. आणि दहा वर्षांच्या मुलासाठी शाळा निवडताना पालकाने व्यवस्थेच्या न्यायाचा विचार करून आपल्या मुलाची संधी सोडावी, अशी अपेक्षा मी कोणाकडून करू शकत नाही. तो विचार करण्याची जागा संसद आहे.

केंटची शिक्षिका

ही अपेक्षा मीही करत नाही. पालकांना दोष देण्यासाठी मी लिहिले नव्हते. फक्त निकालांचा तक्ता दाखवून आमच्या शाळेला वाईट ठरवू नये, एवढेच माझे मागणे आहे.

पुण्याहून येणाऱ्या ताईंसाठी आणखी काही. अकराव्या वर्षी प्रवेश मिळाला नाही म्हणजे मार्ग संपला, असे नाही. प्रतीक्षायादी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत तरी ठेवावीच लागते, आणि कुटुंबे स्थलांतर करत असल्यामुळे ती हलते. स्वतंत्र मंडळाकडे अपील करता येते. तिथे भावनेपेक्षा प्राथमिक शाळेचे लेखी मत आणि मुलीच्या वह्यांमधले काम उपयोगी पडते. सर्वांत मोठे दार सोळाव्या वर्षी उघडते. बहुतेक ग्रामर शाळा बारावीच्या वर्षात (इयर ट्वेल्व्ह, म्हणजे ए-लेव्हलच्या दोन वर्षांपैकी पहिले) जीसीएसईच्या श्रेणींवर बाहेरच्या मुलांना घेतात, आणि मुलांच्या शाळांपैकीही अनेक शाळा या वर्षापासून मुलींना प्रवेश देतात. आमच्या शाळेतून दरवर्षी काही मुले अशी जातात आणि तिथे चांगली रमतात.

सहाव्या फॉर्मच्या, म्हणजे बारावी-तेरावीच्या, निकालांकडेही सावधपणे पाहावे. २०१७ साली ऑर्पिंग्टनच्या सेंट ओलेव्हज या ग्रामर शाळेने बारावीच्या वर्षात पुरेशा श्रेणी न मिळालेल्या काही विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षात येऊ दिले नव्हते. पालक कायदेशीर कारवाईकडे वळल्यावर शाळेने ते धोरण मागे घेतले. अंतिम परीक्षेला बसणारी मुलेच कमी केली, तर टक्केवारी आपोआप वाढते. म्हणून कोणत्याही शाळेच्या खुल्या दिवशी, ग्रामर असो वा नसो, एक प्रश्न अवश्य विचारा : बारावीत प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण तेरावी पूर्ण करतात? त्याचबरोबर, मागे पडलेल्या मुलासाठी शाळा काय करते, हेही विचारा. पुढे असलेल्या मुलांची कामगिरी मुख्याध्यापक भाषणात सांगतातच. मागे पडलेल्यांबद्दल विचारल्यावर शिक्षकांना ठोस उत्तर देता येते का, ते पाहा.

पुण्याहून येणारी

सर्वांचे मनापासून आभार. मुलीला परीक्षेला बसवायचे, पण शिकवणी लावायची नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. घर मात्र आता वेगळ्या पद्धतीने शोधू. आधी दोन्ही शहरांतल्या कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळांची यादी काढू, त्यांपैकी जी आम्हाला खरोखर पसंत पडेल तिच्या प्रवेशक्षेत्रात घर पाहू, आणि तिथून ग्रामर शाळेला जाता येत असेल तर ती अर्जात वर लिहू. संख्यामित्र, या शाळांचे २०२४ पर्यंतचे प्रोग्रेस ८ चे आकडे सलग तीन वर्षांचे पाहिले तर पुरेसे होईल का?

संख्यामित्र

२०२२, २०२३ आणि २०२४ ही तीन वर्षे घ्या. करोनाकाळामुळे २०२० आणि २०२१ चे शाळानिहाय तक्ते प्रसिद्ध झालेच नव्हते. तीनही वर्षांत आकडा शून्याच्या वर असेल आणि मोफत जेवणाला पात्र असलेल्या मुलांचा वेगळा दिलेला आकडाही फार खाली नसेल, तर ती शाळा सगळ्या प्रकारच्या मुलांकडे लक्ष देते असे समजायला हरकत नाही. हा दुसरा आकडा सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक शाळेच्या पानावर थोडे खाली असतो.